दात ठीक, कवळी ठीक, तरी बाबांचा घास तोंडातच फिरत राहतो. मेंदूचा काही संबंध असतो का?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र वाटेल, पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतेय. शोधून पाहिलं, कवळीवर भरपूर धागे आहेत पण मला हवंय ते त्यात नाही.

माझे बाबा ऐंशीला टेकलेत. खाली पुढचे काही दात स्वतःचे, बाकी कवळी. ती नीट बसते, डेंटिस्टने व्यवस्थित तपासलंय, हिरड्या चांगल्या, कुठे टोचत नाही, भूकही आहे. तरी जेवायला प्रचंड वेळ लागतो. घास तोंडात घेतात आणि तो फिरतच राहतो, आता गिळतील असं वाटतं तर परत चावायला सुरुवात. पण मला खटकलं ते वेगळंच. हा माणूस पूर्वी पेपर वाचत, फोनवर भांडत, टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देत जेवायचा. आता जेवताना कोणी काही विचारलं की जबडा थांबतो. अर्धा चावलेला घास तसाच तोंडात, माझ्याकडे बघतात, मान हलवतात किंवा दोन शब्द बोलतात, मग परत चावणं सुरू. दोन्ही एकदम होतच नाही. आणि जेवणानंतर चूळ भरली की गालातनं बरंच काही निघतं, ते तिथे होतं हे त्यांना कळलेलंच नसतं.

भाऊ म्हणतो वय झालं, चालायचंच. वहिनीचं म्हणणं मुद्दाम करतात, सगळ्यांनी लक्ष द्यावं म्हणून (मला अजिबात पटत नाही, पण असो). डेंटिस्ट म्हणाले प्रश्न दातांचा नाही. मग कशाचा? चावण्यात मेंदूचं नक्की काम काय, आणि वयाबरोबर ते बिघडतं का? शिवाय च्युइंगगम चघळल्याने म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती सुधारते असं एक फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरतंय, त्यात कितपत तथ्य आहे तेही कोणीतरी सांगा.

मागच्या_बाकावरचा

आमच्याकडे सासरेबुवांचं सेम टू सेम. फरक इतकाच की त्यांचे सगळे दात स्वतःचे आहेत, म्हणजे सगळं खापर कवळीवर फोडण्यात अर्थ नाही. जाणकार लिहितीलच, तोवर वाचनखूण साठवतो.

घासाघीस

(आयडी बघून हसू नका.) मी बरीच वर्षं फिजिऑलॉजी शिकवलंय, पेशंट बघत नाही, त्यामुळे बाबांना काय झालंय ते मी सांगणार नाही पण चावताना आत काय चालतं ते सांगतो, बाकीचं इथले डॉक्टर लोक बघतील.

चावण्याचा ठेका मेंदूच्या विचारबिचार करणाऱ्या भागात नसतोच. तो खाली, मेंदूच्या खोडात म्हणजे ब्रेनस्टेममध्ये असतो. तिथे पेशींचं एक जाळं आहे, त्याला सेंट्रल पॅटर्न जनरेटर म्हणतात, उघड-मीट-उघड-मीट ही लय ते तयार करतं, सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा. १९७१ मध्ये डेलो आणि लुंड या दोघांनी सशांवर प्रयोग केले. मोठ्या मेंदूचा संबंध तोडला, स्नायू औषधाने लुळे केले, म्हणजे जबडा हलतच नाहीये आणि हालचालीची काही खबरही वर जात नाहीये, आणि तरीसुद्धा बाहेरून योग्य उत्तेजन दिलं की जबड्याकडे जाणाऱ्या नसांमधून चावण्याचे आदेश तालात निघत होते. वरचा मेंदू फक्त सुरू कर, थांबव, जोर वाढव, बाजू बदल असं सांगतो. त्यामुळे सिनेमा बघता बघता आपण ताटलीभर खाऊन टाकतो आणि एकही घास चावल्याचं आठवत नाही.

पण नुसता ठेका म्हणजे चावणं नव्हे. एक शेंगदाणा दाढेखाली धरा आणि नीट लक्ष द्या. दाढ टेकते, जोर वाढत जातो, कट् करून दाणा फुटतो. आता खरं तर पूर्ण जोर लावलेला असताना मधला अडथळा अचानक गेलाय, म्हणजे खालची दाढ वरच्या दाढेवर आपटायला हवी. आपटत नाही. काही मिलिसेकंदांत जबडा मिटणारे स्नायू ढिले पडतात, तुम्हाला कळायच्या आत. मग जीभ तुकडे गोळा करते, मोठा तुकडा परत दाढेवर ढकलते, गालाचा स्नायू बाहेरून त्याला आत रेटतो आणि दर वेळी जीभ दातांमधून जेमतेम वेळेवर निसटते. या सगळ्याला सतत खबर लागते. ती मुख्यतः दोन ठिकाणांहून येते, एक म्हणजे दाताचं मूळ हाडात ज्या बारीक तंतूंनी धरलेलं असतं तिथले सेन्सर आणि दुसरे स्नायूंमधले. दोन्हींची खबर ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून (थेट मेंदूला जोडलेल्या नसांपैकी पाचवी) मेंदूकडे जाते.

इथे मला जाम आवडणारी एक गोष्ट सांगतोच. शरीरात बाकी ठिकाणी स्पर्श, ताण वगैरेची खबर आणणाऱ्या पेशींची घरं मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, छोट्या गाठींमध्ये असतात. जबड्याच्या स्नायूंमधली खबर आणणाऱ्या, आणि दातांच्या मुळाशी असलेल्यांपैकी काही, या पेशींची घरं मात्र थेट ब्रेनस्टेमच्या आत आहेत. असं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता कवळी. दात गेला की तो तंतूंचा वेढाही जातो, सेन्सरसकट. मग जोर किती लागतोय ते हिरडीच्या त्वचेवरून आणि स्नायूंवरून ओळखावं लागतं. स्वतःचे दात समोरासमोर असतील तर मध्ये साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचं काही आलं तरी कळतं, वरखाली पूर्ण कवळी असेल तर हा आकडा १०० च्या आसपास जातो. माणसाचा केस ७० वगैरे मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज करा. कवळी कितीही उत्तम बसो, ही खबर परत येत नाही. म्हणजे डेंटिस्ट म्हणाले प्रश्न दातांचा नाही ते बरोबरच आहे, पण मेंदूकडे जाणारी माहिती कमी झालीय हेही तितकंच खरं.

आणि सासरेबुवांचं उत्तर: दात शाबूत असलेल्या निरोगी लोकांतही वयाबरोबर एका घासाला लागणारे चावे वाढत जातात. याचा नीट अभ्यास झालाय, दर दहा वर्षांमागे साधारण तीन चावे. गंमत म्हणजे पदार्थ कडक असेल तर जोर वाढवायचा, मऊ असेल तर कमी करायचा हे कौशल्य मात्र म्हातारपणीही चांगलं टिकतं. स्नायू बारीक होतात, जिभेचा जोर उतरतो, म्हणून मेंदू चाव्यांची संख्या वाढवून भरपाई करतो. हा बिघाड नाही, हिशोबाने केलेली तडजोड आहे.

आता जबडा थांबण्याबद्दल. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी तरुण, मध्यमवयीन आणि वयस्क लोकांना बिनचवीचं गम चघळायला लावून एफएमआरआय केले, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारं स्कॅन. हालचाल आणि स्पर्श सांभाळणारी पट्टी, लहान मेंदू, थॅलॅमस (शरीराकडून आलेली खबर पुढे पाठवणारा भाग) या तीन ठिकाणचं काम वयाबरोबर मंदावलेलं दिसलं. उजव्या बाजूच्या कपाळामागच्या भागात, प्रीफ्रंटलमध्ये, मात्र नेमकं उलटं, तिथे वयस्क लोकांत जास्त. हा भाग लक्ष देणे, आठवणीत धरून ठेवणे, ठरवून काम करणे यासाठी वापरात असतो. यावरून जो अर्थ लावला जातो (आणि मला तो पटतो) तो असा की तरुणपणी आपोआप होणाऱ्या कामाला म्हातारपणी लक्षाची मदत घ्यावी लागते. आणि लक्ष काही अमर्याद नसतं, प्रश्न विचारलात की ते प्रश्नाकडे जातं आणि चावणं थांबतं.

चालण्याच्या बाबतीत हे आधीच माहीत होतं. १९९७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधल्या संशोधकांचा एक छोटा पेपर आला होता, चालताना बोलायला लागलं की जे वृद्ध थांबतात त्यांच्यात पुढे पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तुमचे बाबा चालता चालता गप्पा मारतात की बोलायला थांबतात, बघा जरा.

निळी_शाई

बाप रे, इतकं सविस्तर! खूप धन्यवाद. हो, थांबतात. जिन्यात तर नक्कीच थांबतात, मी समजत होते धाप लागते म्हणून. वहिनीला हा प्रतिसाद वाचायला देणार आहे 😀

पण मग एक सांगा, थांबतात म्हणजे एका अर्थी चांगलंच ना? न थांबता बोलले असते तर?

स्वल्पविराम

मी स्पीच थेरपिस्ट आहे, कामाचा मोठा भाग गिळण्याच्या तक्रारींचा. निळी शाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो, थांबतात ते चांगलंच. आणि ते मुद्दाम करत नाहीयेत हे वहिनींना माझ्यातर्फेही सांगा.

बहुतेकांना वाटतं आधी चावून संपतं, मग गिळणं सुरू होतं. घट्ट पदार्थाचं तसं नसतं. चावणं चालू असतानाच तयार झालेला भाग थोडा थोडा मागे सरकत घशाच्या वरच्या भागात जमत असतो आणि गिळायच्या आधी काही सेकंद तिथेच बसून राहतो. श्वासाचा रस्ता तिथून अगदी जवळ. अशा वेळी बोलायला गेलं, हसायला गेलं, पटकन श्वास आत ओढला की घास भलत्या वाटेने जाऊ शकतो. तरुण माणसाला जोरात ठसका लागतो आणि विषय संपतो. वयस्क माणसात गिळण्याची क्रिया थोडी उशिरा सुरू होते, खोकल्याचा जोर कमी, आणि काहींना अन्न श्वासनलिकेत जाऊनही ठसका लागतच नाही, हे सगळ्यात वाईट कारण घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. वारंवार ताप, जेवणानंतर आवाज ओलसर घरघरता होणं, कारण नसताना वजन उतरणं, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होणं यावरून संशय घ्यावा लागतो.

त्यामुळे माझा पहिला सल्ला अगदी फुकटातला आहे. ते जेवत असताना त्यांना प्रश्न विचारू नका. टीव्ही बंद. जेवताना गप्पा व्हायलाच हव्यात असं वाटत असेल तर तुम्ही बोला, त्यांनी ऐकावं, उत्तराची अपेक्षा नको, आणि विचारायचंच असेल तर घास गिळून झाल्यावर. 'लवकर आवरा' तर नकोच नको, घाई केली की लोक अर्धवट चावलेलं गिळतात. ताठ बसून जेवायचं, पलंगावर रेलून नाही. घास लहान. कवळीवाल्यांनी घास दोन भाग करून दोन्ही बाजूंनी चावला तर कवळी उचलली जात नाही.

दुसरं, सगळं मिक्सरमधून काढायची घाई करू नका. घरचे लोक काळजीपोटी थेट पातळ करून टाकतात. अगदी मऊच खायला दिलं की जबड्याच्या स्नायूंना कामच उरत नाही, ते आणखी बारीक होतात, आणि जेवणातली मजा जाते ती वेगळीच. चावता येईल तितपत घट्टपणा ठेवावा. अर्थात हे गिळणं सुरक्षित आहे असं तपासल्यावरच.

आता गाल. गालात अन्न राहण्याचं कारण दरवेळी एकच नसतं. तिथली जाणीव कमी झाली असेल तर कळत नाही. गालाचा स्नायू सातव्या नसेवर चालतो, तो ढिला असेल तर अन्न बाहेर रेटलं जात नाही. जीभ बाराव्या नसेवर, ती गालापर्यंत पोचत नसेल तर साफ होत नाही. लाळ कमी असेल तर घासाचा गोळाच बनत नाही, भुगा पसरतो. म्हणून मला विचारायचंय, तुम्ही गाल म्हणालात तो एकच की दोन्ही? कधीपासून? आणि औषधं कोणती चालू आहेत?

निळी_शाई

बहुतेक वेळा डावा. उजव्यातही निघतं, पण डाव्यात जास्त. कधीपासून ते सांगता येणार नाही, हळूहळू वाढलंय, एका दिवशी सुरू झालं असं नाही. औषधं बीपीची, प्रोस्टेटची, आणि सर्दीखाजेची एक गोळी जी ते रोज रात्री घेतात कारण तिने झोप चांगली लागते म्हणे. पाणी सारखं पितात, जीभ कोरडी असते हे खरंय.

स्वल्पविराम

ती रात्रीची गोळी डॉक्टरांना आवर्जून दाखवा. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, काही डिप्रेशनच्या, काही लघवीच्या तक्रारींच्या, या तोंड कोरडं पाडतात आणि म्हाताऱ्या माणसाचं डोकंही थोडं जड करतात, म्हणजे लाळ आणि लक्ष दोन्हीकडून मार. लोकांना वाटतं वय झालं की लाळ आटते, निरोगी माणसात तितकीशी आटत नाही, बरीचशी औषधांनी आटते. मनाने बंद करू नका, पर्याय विचारा. बीपीची तर अजिबात नाही.

डावा गाल जास्त यावर मला थोडं थांबायचंय. हळूहळू असेल तर कवळी त्या बाजूला वेगळी बसत असेल, एकाच बाजूने चावायची सवय असेल, किंवा पूर्वी कधीतरी होऊन गेलेला लहानसा पक्षाघाताचा झटका असेल, जो लक्षातच आला नाही. आरशासमोर दात दाखवायला, गाल फुगवायला, जीभ बाहेर काढून डावी-उजवीकडे न्यायला सांगा. ओठाचा कोपरा एका बाजूला उतरतोय का, फुगवलेल्या गालातून हवा निसटतेय का, जीभ एकीकडे वळतेय का. काही वेगळं दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टकडे. काही दिसलं नाही तरी फिजिशियनला 'डाव्या गालात अन्न राहतं' हे वाक्य जसंच्या तसं सांगा, 'नीट जेवत नाहीत' असं मोघम नको. आणि तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात जड पडणं हे अचानक झालं तर घरी तपासत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

घरी करायची अजून एक सोपी गोष्ट, जपानमध्ये वृद्धांच्या तोंडाची ताकद मोजताना वापरतात. 'प' हे अक्षर जमेल तितक्या वेगाने म्हणायला लावायचं, मग 'ट', मग 'क'. प ला ओठ, ट ला जिभेचं टोक, क ला जिभेचा मागचा भाग. तिथल्या निकषानुसार यातलं एकही अक्षर सेकंदाला सहापेक्षा कमी वेळा निघालं तर ओठ-जिभेचं काम मंदावलंय असं धरतात. पाच सेकंद फोनवर रेकॉर्ड करून मोजा. आमच्याकडे येणारे आजोबा लोक याला फार हसतात, पण कुठला भाग मागे पडलाय ते चटकन कळतं.

काका_सांगतात

एवढं सगळं करण्यापेक्षा आपल्या पूर्वजांनी सांगितलंय ते करा. घास बत्तीस वेळा चावावा. मोजून. मी रोज करतो, पोट साफ, डोकं साफ.

खवचट_खार

काका, बत्तीस वेळाचा नियम पाश्चात्त्यांकडेही आहे हो, त्यांच्या आजोबांनीही हेच सांगितलेलं असतं. अमेरिकेत होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) नावाचे गृहस्थ तर घास पातळ होईस्तोवर चावा असं सांगत फिरायचे आणि त्यावर त्यांनी बक्कळ नाव कमावलं. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

मूळ धाग्यातल्या च्युइंगगमच्या फॉरवर्डबद्दल लिहितो कारण असल्या गोष्टींची मला खाज आहे. यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय.

एक, चावताना मेंदूच्या काही भागांतला रक्तपुरवठा वाढतो. खरंय, मोजलेलं आहे. पण तो चावताना वाढतो, थांबलात की उतरतो, आणि कुठलाही स्नायू नेमाने हलवला की त्याच्या संबंधित भागात असं होतंच. गम चघळल्यावर जरा तरतरी येते असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, स्मरणशक्तीचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

दोन, ज्यांचे दात पडलेत त्यांच्यात बुद्धी मंदावण्याचं प्रमाण जास्त. हेही खरं. २०२१ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून ३४,०७४ लोकांचा हिशोब मांडला गेला होता, जास्त दात गेलेल्यांमध्ये बौद्धिक क्षमता घटण्याची जोखीम १.४८ पट आणि डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) १.२८ पट निघाली. कवळी वापरणाऱ्यांमध्ये हा फरक ठळक दिसला नाही. फॉरवर्डवाले इथेच उडी मारतात, 'बघा, चावलं नाही म्हणून मेंदू गेला'. अहो पण ज्याची बुद्धी आधीच मंदावायला लागलीय तो ब्रश करायला विसरतो, डेंटिस्टकडे जात नाही, त्याचे दात त्यामुळे पडतात. शिवाय सिगरेट, डायबेटिस, गरिबी यांनी दातही जातात आणि मेंदूही. आणि कवळी परवडणारा, ती बनवून घेऊन टिकवणारा माणूस आधीपासूनच बऱ्या परिस्थितीतला असू शकतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे या आकड्यावरून ठरत नाही.

तीन, उंदीर. लवकर म्हातारे होणाऱ्या खास जातीच्या उंदरांच्या दाढा काढल्या किंवा घासून टाकल्या की आठवणीच्या परीक्षेत, पाण्यातला लपवलेला चौथरा शोधताना, ते चुकतात आणि हिपोकॅम्पस या आठवणी सांभाळणाऱ्या भागातल्या पेशी कमी झालेल्या दिसतात. हा पुरावा मला सगळ्यात दमदार वाटतो, म्हणजे काहीतरी धागा नक्की आहे. पण त्याच उंदरांमध्ये ताणाचं हार्मोनही वाढलेलं असतं. मग मेंदूचं नुकसान न चावल्याने झालं की तोंडात दाढा नसल्याच्या ताणाने, हा प्रश्न उरतोच.

थोडक्यात बाबांना गम देऊ नका, कवळीला चिकटेल आणि तुम्हीच शिव्या खाल.

स्वल्पविराम

खारूताईंना/दादांना अनुमोदन 😀. आणि काका, तुम्हाला बत्तीस जमत असेल तर खुशाल करा, पण निळी शाईंच्या बाबांना मोजायला लावू नका. मोजणं हे आणखी एक काम झालं. ज्या लक्षाच्या जोरावर ते चावतायत तेच तुम्ही मोजण्यात घालवणार. अर्ध्यात आकडा विसरला की ते परत एकपासून सुरू करतील.

पानगळ

थोडं अवांतर पण याच विषयातलं म्हणून इथेच विचारते. माझ्या आईचं उलट आहे. तोंडात काही नसताना तोंड चालू असतं. दिवसभर. चघळल्यासारखं, मध्येच जीभ बाहेर येते, ओठ चाटते. सांगितलं की थोडा वेळ थांबतं, परत सुरू. जेवण बऱ्यापैकी होतं. लोक विचारतात काय खाताय म्हणून, तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिला मध्यंतरी खूप मळमळ होती तर त्यावर एक गोळी बराच काळ चालू होती, आणि झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांची एक. हाही मेंदूचाच प्रकार का?

घासाघीस

पानगळ, अवांतर अजिबात नाही. जबड्याची लय खाली तयार होते पण ती कधी सोडायची आणि कधी दाबून धरायची यात बेसल गँग्लिया नावाच्या भागाचा मोठा हात असतो, आणि तिथलं काम डोपामिन या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनावर चालतं. मळमळीवरची काही औषधं (मेटोक्लोप्रमाइड हे त्यातलं नेहमीचं नाव) आणि मानसोपचारातली काही औषधं डोपामिनचा परिणाम अडवतात. दीर्घकाळ घेतली की काहींच्या तोंडाला अशी आपोआप हालचाल लागते, टार्डिव्ह डिस्किनेशिया म्हणतात, आणि म्हातारपणी, त्यातही बायकांमध्ये, धोका जास्त असतो. उलट्या टोकाला पार्किन्सन्स, तिथे डोपामिनच कमी पडतं आणि चावणं मंद, लहान लहान होतं.

दुसरीही शक्यता आहे. दात नसलेल्या आणि कवळी न घालणाऱ्या लोकांतही अशी हालचाल दिसते, ती बऱ्याचदा नीट कवळी बसवली की कमी होते. आई कवळी घालतात का? काहीही असो, गोळ्यांची जुनी कागदपत्रं घेऊन त्याच मानसोपचारतज्ज्ञांना किंवा न्यूरॉलॉजिस्टला भेटा, लवकर. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, काही वेळा त्याने हालचाल आणखी वाढते.

पानगळ

कवळी आहे पण डब्यात असते. मळमळीची गोळी तीच, तुम्ही लिहिलीय ती. फाइल शोधते आजच. आभारी आहे.

मागच्या_बाकावरचा

सासऱ्यांना प-ट-क म्हणायला लावलं. प आणि ट धडाधड, क ला गाडी अडते. शिवाय आज विचारल्यावर म्हणाले हल्ली चावताना कानशिलाजवळ दुखतं, थांबलं की बरं वाटतं. हे पण वयाचंच का?

स्वल्पविराम

नाही!! हे आज दाखवा, उद्यावर टाकू नका. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखायला लागून विश्रांतीने थांबत असेल, तर कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज आलेली असू शकते, जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना डोक्याची त्वचा दुखणं, धूसर किंवा दोन-दोन दिसणं, यातलं काही असेल तर अजूनच घाई, कारण त्यात नजर कायमची जाऊ शकते आणि वेळेत औषध मिळालं तर वाचते. जबड्याच्या सांध्याचं साधं दुखणंही असेल, पण ते डॉक्टरांना ठरवू दे. क चं नंतर बघू.

मागच्या_बाकावरचा

निघालोच. डोकं दुखतंय म्हणून परवापासून कुरकुरत होते, आम्ही चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणत होतो.

निळी_शाई

मागच्या बाकावरचे, काय झालं ते नक्की कळवा इथे.

आमचं अपडेट: आरशासमोरचं सगळं केलं, तोंड सरळ आहे, जीभही सरळ, पण डाव्या बाजूने गाल फुगवला की हवा थोडी सुटतेय असं मला वाटलं, भावाला नाही वाटलं. क सेकंदाला चार-पाच. फिजिशियनने रात्रीची गोळी बंद केली आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलंय, सोबत गिळण्याची एक तपासणी लिहून दिलीय, व्हिडिओफ्लुरोस्कोपी. जेवताना टीव्ही बंद केल्यापासून निम्मी भांडणंही बंद झालीत हा बोनस. त्या तपासणीत काय करतात, बाबा घाबरलेत. उपाशी न्यायचं का? कवळी काढून?

स्वल्पविराम

घाबरण्यासारखं काही नाही, सुई नाही, भूल नाही. एक्स-रेच्या मशीनसमोर खुर्चीवर बसवतात आणि बेरियम मिसळलेलं थोडं पातळ, थोडं दाट, मग एखादा चावायचा पदार्थ असं खायला देतात. बेरियम एक्स-रेत दिसतं, त्यामुळे घास तोंडात किती वेळ फिरतो, गालात कुठे अडकतो, घशात कधी उतरतो आणि श्वासनलिकेकडे जातो का हे सगळं हलत्या चित्रात समोर दिसतं. थोडक्यात आटपतं. चव खडूसारखी लागते, एवढंच आधी सांगून ठेवा.

उपाशी राहायचं का ते सेंटरला फोन करून विचारा, जागोजागी वेगळं सांगतात. कवळी मात्र घालूनच न्या, रोज जी वापरतात तीच, आणि चिकटवायची पेस्ट वापरत असतील तर तीही लावून. ऐकायचं मशीन असेल तर तेही कानात हवं, कारण 'आता गिळा' हे ऐकू नाही आलं तर सगळं परत करावं लागतं. आणि तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला सुरुवातीलाच सांगा की बाबांशी बोललं की ते चावायचं थांबतात, म्हणजे ती मधे मधे सूचना देत बसणार नाही. एखादा घास मुद्दाम बोलत बोलतही करून बघा असं सुचवा, घरी नेमकं काय होतं ते त्यातच दिसेल.